ठाण्याहून आकाशगंगा टिपायची तर: आधी तिथी, मग दिशा, शेवटी कॅमेरा

मुंबई, ठाणे, कल्याण, नवी मुंबई हा सगळा दिव्यांचा पट्टा सह्याद्रीच्या पश्चिमेला पसरला आहे, आणि पुणे-चाकण घाटमाथ्याच्या दक्षिणेला. रात्रीच्या फोटोत ही शहरं क्षितिजावर नारिंगी फुगवटा होऊन येतात. शंभर किलोमीटर दूर गेलात तरी कॅमेऱ्याला तो दिसतोच. त्यामुळे ‘काळोखी जागा कुठली?’ एवढंच विचारून भागत नाही. आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सर्वांत तेजस्वी भाग, त्या महिन्यात कुठल्या दिशेला असेल आणि त्या दिशेला शहर आहे, डोंगर आहे की समुद्र, हे आधी जुळवायला लागतं. ते जुळलं तर कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सवरही चांगला फोटो मिळतो. जुळलं नाही, तर लाखाची लेन्ससुद्धा केशरी धूर घेऊन परत येते.

तिथी पाहणं

भिंतीवरचं मराठी कॅलेंडर हे या कामाचं पहिलं साधन. सगळे सांगतात की अमावास्येला जा. ते बरोबर आहे, पण अपुरं. अमावास्या शनिवार-रविवारी येण्याची वाट पाहिली तर मोसमात एखादीच संधी हाती लागते. चंद्रोदय रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा होतो, एवढं लक्षात ठेवलं की तारखा वाढतात.

मार्च ते मे या काळात गाभा मध्यरात्रीनंतर चांगला वर आलेला असतो. म्हणजे रात्री एक ते पहाटे साडेचार या वेळात चंद्र नसला की झालं. शुक्ल प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंतचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्याआधीच मावळलेला असतो, त्यामुळे हे सगळे दिवस चालतात. गुढीपाडव्यानंतरचा आठवडा त्यासाठी उत्तम. अक्षय तृतीयेला तर दुहेरी फायदा आहे: संध्याकाळी कोवळ्या चंद्राच्या उजेडात डोंगर टिपा, आणि पुढची सगळी रात्र काळोखी.

ऑक्टोबरमध्ये गणित उलटं होतं. तेव्हा गाभा संध्याकाळी दिसतो आणि दहाच्या सुमारास मावळतो. म्हणून कृष्ण षष्ठीपासून अमावास्येपर्यंतचे दिवस घ्यायचे, कारण चंद्र उगवेपर्यंत आपलं काम आटोपलेलं असतं. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेलाच असतो. तिथून पुढे रोज मिनिटं मोजत जा. पाऊस वेळेवर हटला असेल तर सर्वपित्री अमावास्या बहुतेकदा मोसमातली पहिली संधी ठरते. लक्ष्मीपूजनाची अमावास्या मात्र मी सोडून देतो. फटाक्यांचा धूर क्षितिजावर साचून राहतो आणि गावागावांत रोषणाई असते.

गाभा कधी आणि कुठे

आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू राशीत, वृश्चिकाच्या नांगीजवळ आहे. नभांगण ओळखणाऱ्यांनी ज्येष्ठा आणि मूळ नक्षत्र शोधलं की पुरे. ठाण्याचं अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आणि गाभा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेच्या) २९ अंश दक्षिणेला. त्यामुळे तो आपल्याकडे ऐन दक्षिणेला येतो तेव्हा क्षितिजापासून ४२ अंशांवर असतो. जैसलमेरला हीच उंची ३४ अंश भरते आणि लडाखमधल्या हानलेला जेमतेम २८. तिथलं आकाश आपल्यापेक्षा कितीतरी काळं आहे हे खरं, पण गाभ्याच्या उंचीपुरतं आपण नशीबवान आहोत.

वेळा अशा. २० मार्चच्या सुमारास गाभा रात्री सव्वाएकला आग्नेयेला उगवतो, २० एप्रिलला सव्वाअकराला, २० मेला सव्वानऊला. म्हणजे दर महिन्याला दोन तास आधी. उगवल्यावर क्षितिजाजवळच्या धुरकटातून सुटायला त्याला आणखी दीड-दोन तास द्या. मे महिन्यात तो रात्री अडीचच्या सुमारास ऐन दक्षिणेला असतो. मग पावसाळा. जून ते सप्टेंबर हा जगभरातला आकाशगंगेचा मुख्य मोसम आपण छत्रीखाली काढतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, साडेसातला पुरता अंधार पडतो तेव्हा गाभा नैर्ऋत्येला सुमारे २४ अंशांवर असतो आणि साडेनऊच्या पुढे मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून त्याचा नाद सोडायचा.

सूर्य मावळल्यावर आपल्याकडे खरा काळोख व्हायला सव्वा तास लागतो. पहाटेही तितकंच आधी आकाश फिकं होऊ लागतं. नेमक्या दिवसाचं आकाश पाहायला स्टेलॅरियम हे मोफत अ‍ॅप पुरेसं आहे. त्यात ठिकाण, तारीख आणि वेळ टाकून दिशा कागदावर उतरवा.

मार्च ते मे: घाटाकडे तोंड, शहराकडे पाठ

या महिन्यांत गाभा आग्नेयेला उगवून दक्षिणेकडे सरकतो आणि शहरं पश्चिमेला राहतात. त्यामुळे मुरबाड-माळशेजची बाजू आपल्यासाठी आखून दिल्यासारखी आहे. पण तिच्यातही दोन प्रकार आहेत आणि त्यांचे फोटो अगदी वेगळे येतात.

पहिला प्रकार घाटाखालच्या गावांचा: गोरखगडाखालचं देहरी, आजोबा डोंगराखालचं डेहणे, नवी मुंबईकरांसाठी कर्जतच्या आत कोथळीगडाखालचं आंबिवली. इथे सह्याद्रीची भिंत पूर्वेला उभी असते. भिंतीमुळे गाभा तासभर उशिरा दिसतो, ही तक्रार खरी. त्या बदल्यात घाटमाथ्यावरच्या गाड्यांचे दिवे आणि पलीकडच्या गावांचा उजेड भिंतीआड जातो. शिवाय आपल्या पाठीमागून कल्याण-बदलापूरचा जो मंद उजेड येतो, तो कड्यांवर पडतो आणि वीस सेकंदांच्या फोटोत कातळाचे थर उठून दिसतात. ज्या उजेडाला आपण शिव्या घालतो तोच इथे फुकट दिवा होतो. देहरीच्या शेतांतून मच्छिंद्र-गोरखचे सुळके या कामासाठी मला सर्वांत आवडतात.

दुसरा प्रकार घाटमाथ्याचा. माळशेज ओलांडून खिरेश्वरला गेलात तर पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी समोर मिळतं. वारा पडला असेल तर ताऱ्यांचं प्रतिबिंबही. कल्याणहून आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीने खुबी फाट्याला उतरून चालत जाता येतं. नाणेघाटाच्या पठारावरून दक्षिण बाजूला जीवधन आणि त्याचा वानरलिंगी सुळका उभा आहे, म्हणजे मेमधल्या मध्यरात्रीनंतरच्या गाभ्याखाली तयार चित्र. पुणे-चाकणचा उजेड इथे दक्षिण क्षितिजावर दिसेल. तो आठ-दहा अंशांपर्यंत त्रास देतो. गाभा त्याच्या बराच वर असतो, म्हणून घाबरू नका. चौकटीचा खालचा भाग डोंगराने भरून टाका.

आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा? सूर्यास्तासाठी त्याच्यासारखी जागा नाही. पण तो पश्चिमेला तोंड करून आहे. अंधार पडल्यावर समोर अख्ख्या ठाणे जिल्ह्याचे दिवे दिसतात. सूर्यास्त टिपा, मग कड्याकडे पाठ करा.

मार्चपासून गावोगावी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळतात. त्या धुराचा थर संध्याकाळी दरीत बसतो, आणि वणवे लागले तर त्यात भर. शक्य असेल तर वळवाची एखादी सर येऊन गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री जा. हवा धुतलेली असते. ढगांसाठी विंडी अ‍ॅप आणि हवामान खात्याची उपग्रह चित्रं दोन्ही पाहा. अ‍ॅप ‘निरभ्र’ म्हणत असलं तरी मेच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावर पहाटे ढग चढतात.

ऑक्टोबर: समुद्राकडे

ऑक्टोबरमध्ये गाभा नैर्ऋत्येला, आणि माळशेजहून त्या अंगाला बरोबर नवी मुंबई-मुंबई. तेव्हा घाट सोडून दक्षिण रायगडच्या किनाऱ्याला जायचं. दिवेआगर, हरिहरेश्वर इथे नैर्ऋत्येला उघडा अरबी समुद्र आहे. नवी मुंबईकरांना हा रस्ता तुलनेने सोपा. क्षितिजावर मच्छीमार होड्यांचे दिवे असतात. त्यांना टाळायचा प्रयत्न करू नका, चित्रात ते शोभतात.

भरती मात्र नीट समजून घ्या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. म्हणजे अमावास्येच्या संध्याकाळी सहाला ओहोटी आणि साडेसातला, आपण मान वर करून उभे असताना, पाणी चढत असतं. त्यातून ते उधाणाचे दिवस. गाडी वाळूत नेऊ नका, बॅग वर ठेवा, आणि हरिहरेश्वरच्या खडकांतल्या प्रदक्षिणामार्गावर रात्री अजिबात जाऊ नका.

हिवाळा

गाभा नसला तरी डिसेंबर-जानेवारीचं आकाश वर्षातलं सर्वांत स्वच्छ असतं. मृग, व्याध, कृत्तिका, रोहिणी एकाच रुंद चौकटीत बसतात. दक्षिणेला अगस्त्य सुमारे १८ अंशांवर चमकतो. मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव आपल्याकडे ढगांत जातो, त्यामुळे वर्षातला एक निवडायचा तर हाच. कॅमेरा तिवईवर (ट्रायपॉडवर) लावून सलग फोटो घेत राहा. उल्का पाहून बटण दाबायला गेलात की ती गेलेली असते.

उजेडात पाहणी

पोहोचायचं ते दुपारी चारच्या आत. कड्याची धार, विहीर, गुरांची वाट, विजेची तार हे सगळं डोळ्यांनी पाहून ठेवा. होकायंत्राने आग्नेय आणि दक्षिण ठरवा आणि तिवईची जागा दगडाने खूण करून ठेवा. गावात पोलीस पाटलांना किंवा ज्यांच्या शेतात उभं राहणार त्यांना सांगा. रात्री दोन वाजता शेतात लाल दिवा हलताना दिसला तर कोणीही चिडेल, आणि त्यांची चूक नसेल. एकदा ओळख झाली की पिठलं-भाकरीची सोयही होते आणि कुठला दिवा किती वाजता बंद करता येईल तेही कळतं.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घाला. कोकणात फुरसं असतं, आणि ते पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. एकट्याने जाऊ नका. येऊरच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रात्री जायला परवानगी नाही. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर परिसर अभयारण्यात येतो, तिथे वन खात्याच्या चौकीवर विचारूनच मुक्काम करा. मेअखेर भंडारदरा, पुरुषवाडीकडे जाणार असाल तर काजव्यांच्या झाडांवर कसलाही दिवा मारू नका. त्यांचं मीलन त्या चमकण्यावरच चालतं.

साहित्य

जो कॅमेरा आहे तो घ्या, फक्त मॅन्युअल मोड आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) हवी. खर्च करायचाच तर आधी भक्कम तिवईवर, मग रुंद आणि उजळ लेन्सवर: फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) १४ मिमी एफ २.८, क्रॉप सेन्सरला (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला) १० ते १२ मिमी एफ २ किंवा २.८. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. पूर्ण मॅन्युअल लेन्स स्वस्त पडतात आणि इथे ऑटोफोकसचा उपयोग नसतोच. मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात; विकत घेण्याआधी एक अमावास्या भाड्याची वापरून पाहा. मोबाइलवाल्यांनीही निराश होऊ नये. रात्रीचा किंवा ताऱ्यांचा खास मोड असलेला फोन तिवईवर ठेवला तर चांगलं काम देतो.

लाल उजेडाचा हेडलॅम्प, जादा बॅटरी, लेन्स पुसायचं कापड आणि दव पडणाऱ्या रात्रींसाठी पॉवर बँकेवर चालणारा लेन्सचा हीटर-पट्टा. ऑक्टोबरनंतर दव ही खरी अडचण होते. आणखी एक: एसी गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की काच धुकटते. बॅग डिकीत ठेवा.

फोकस आणि सेटिंग

बिघडलेल्या फोटोंचं सर्वांत मोठं कारण फोकस. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. लेन्स मॅन्युअलवर टाका, कंपनविरोधी सोय बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) अभिजित, व्याध किंवा गुरू असा ठळक ठिपका दहापट मोठा करा आणि तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत रिंग अगदी हळू फिरवा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. एक फोटो काढून कोपऱ्यांतले तारेही मोठे करून बघा. ही सवय घराच्या गच्चीवर लावून घ्या; ठाण्याच्या आकाशातही ठळक तारे दिसतात, आणि अंधारात चाचपडत शिकण्यापेक्षा ते बरं.

पृथ्वी फिरते, आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं, त्यामुळे शटर फार वेळ उघडं ठेवलं की तारे लांबट होतात. पूर्वी ५०० भागिले फोकल लांबी असा नियम सांगत. आजच्या बारीक सेन्सरला तो ढिला पडतो, ३०० घ्या. फुल फ्रेमवर १४ मिमीला सुमारे २१ सेकंद. १.५ क्रॉपवर १८ मिमी म्हणजे २७ मिमीसारखं, तिथे ११ सेकंद.

सुरुवात अशी करा: एफ २.८, २० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००. किट लेन्स असेल तर १८ मिमी, एफ ३.५, ११ ते १३ सेकंद, आयएसओ ६४००. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ३८०० ते ४२०० केल्विनच्या दरम्यान स्थिर ठेवा. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. पडद्याची चमक कमी करा, कारण काळोखात फिका फोटोही झगझगीत भासतो. हिस्टोग्रामचा (फोटोतला उजेड-काळोख दाखवणाऱ्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून एक चतुर्थांश ते एक तृतीयांशापर्यंत आला पाहिजे. डावीकडे चिकटला असेल तर आयएसओ वाढवा. घाटाखाली पश्चिमेचा उजेड जास्त असेल तर आयएसओ १६०० वरच थांबावं लागतं.

एकच फोटो काढून जागा बदलू नका. त्याच चौकटीचे १६ फोटो सलग घ्या. नंतर ते संगणकावर एकत्र केले की खरखर, म्हणजे काळोख्या भागातले बारीक ठिपके, चौपट कमी होते. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून आकाशात विमानांच्या रेघा वाढल्या आहेत, उपग्रहही आहेतच. अनेक फोटो एकत्र करताना त्या बहुतांशी गळून पडतात.

जमीन वेगळी टिपा

अमावास्येच्या रात्री जमीन काळी ठिक्कर येते. टॉर्च मारून झाडं उजळणं मला पटत नाही. ते लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनसारखं दिसतं. त्यापेक्षा तिवई जराही न हलवता जमिनीचा वेगळा फोटो घ्या. ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर वीस ते पस्तीस मिनिटांत, आयएसओ २०० ते ४००, एफ ८. उन्हाळ्यात आकाशाचं काम पहाटे संपतं, तेव्हा तिवई तशीच ठेवून सव्वापाच-साडेपाचच्या निळ्या उजेडात डोंगर टिपा. फोकस या वेळी जमिनीवर आणायचा. दुसरा मार्ग काळोखातच तीन-चार मिनिटांचा, कमी आयएसओचा फोटो घेण्याचा. कड्यावर शहराचा उजेड पडत असेल तिथे हा जास्त नैसर्गिक येतो.

ताऱ्यांची वर्तुळं

ध्रुवतारा आपल्याकडे उत्तर क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर आहे, त्यामुळे देवळाचा कळस किंवा सुळका त्याच्याखाली सहज बसतो. एका तासात तारे त्याच्याभोवती १५ अंशांचा कंस काढतात. दोन तासांत चित्र भरतं. एफ ४, ३० सेकंद, आयएसओ ८०० असे सलग फोटो घ्या, ते नंतर एकत्र जोडायचे. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो आणि रेघांत फटी पडतात. चांदण्या रात्रीही हे जमतं. दहा सेकंद आणि आयएसओ २०० घेतलं तर इमारतीच्या गच्चीवरूनही जमतं.

वाळवंटात आणि रणात जाणार असाल

बोरिवलीहून रात्रीच्या गाडीने भुजला, तिथून धोर्डोच्या पांढऱ्या रणात जाणारे ठाणेकर आता पुष्कळ आहेत. रणाला चांदणी रात्र शोभते, कारण मीठ चंद्राचा उजेड परतवतं. पौर्णिमेच्या आसपास एफ २.८ आणि आयएसओ ८०० वर आठ-दहा सेकंदांत जमीन-आकाश दोन्ही येतात. आकाशगंगेसाठी रणोत्सवाचा झगमगाट टाळून मार्चची पहाट घ्या. परवाना लागतो, सीमेजवळचा भाग आहे, दिलेल्या वेळेपलीकडे आत थांबू नका. पावसाळ्यानंतर मिठाचं कवच बराच काळ ओलं असतं, पाय रुततो.

जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर नियम वेगळे. संध्याकाळी सूर्य तिरपा असताना वाळूच्या लाटांवर सावल्या पडतात, ती वेळ जमिनीच्या फोटोची. आधी चौकट ठरवा, मग बाजूने चाला. स्वतःच्याच पावलांनी चित्र बिघडतं. लेन्स बदलायची नाही, एकच रुंद लेन्स लावून ठेवा. तिवईचे पाय वाळूत खोल दाबा, परतल्यावर ते सुटे करून धुवा. काचेवरची वाळू कापडाने पुसू नका, आधी फुंकणीने उडवा.

महाराष्ट्रातच राहायचं तर नागपूरजवळचं पेंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपणारं उद्यान) म्हणून मान्यता मिळाली, देशातलं पहिलंच. जंगल सफारीच्या पुढे एक रात्र तिथे जोडता येईल.

घरी आल्यावर

विंडोजवर सिक्वेटर मोफत आहे. त्यात आकाश आणि जमीन वेगळी रंगवून दिली की तारे जुळवले जातात आणि जमीन स्थिर राहते. ताऱ्यांच्या रेघा जोडायला स्टारस्टॅक्स. बाकी सुधारणा डार्कटेबल किंवा गिंपमध्ये होते. आधी व्हाइट बॅलन्स, मग लेन्समुळे आलेली कोपऱ्यांतली काळपट छटा काढणं, मग फक्त आकाशगंगेच्या पट्ट्यापुरता कॉन्ट्रास्ट, शेवटी खरखर. गाभा मुळात पिवळसर-तांबूस असतो; त्याला जांभळा करायची जी पद्धत पडली आहे ती मला आवडत नाही. क्षितिजाजवळ हिरवट झाक आली तर ती लगेच पुसू नका, वातावरणाचा स्वतःचा मंद प्रकाश असू शकतो.

आकाश आणि जमीन दोन वेळांना टिपून जोडली असेल तर फोटोखाली तसं लिहा. एका जागेचं आकाश दुसऱ्या जागेवर चिकटवू नका. जाणकार ते दिशेवरून ओळखतात: उत्तरेच्या सुळक्यामागे गाभा दाखवणारे फोटो समाजमाध्यमांवर सर्रास फिरत असतात, आणि आपल्या अक्षांशावर गाभा उत्तरेला कधीच जात नाही.